योग्य औषध सापडेपर्यंत: मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार घेताना पडणारे प्रश्न

मानसोपचारतज्ज्ञांकडून पहिल्यांदा बाहेर पडताना हातात एक चिठ्ठी असते आणि डोक्यात असंख्य प्रश्न. त्यातले बरेचसे आत असताना सुचत नाहीत, आणि पुढच्या भेटीला अवकाश असतो. मी स्वतः बरीच वर्षं या गोळ्या घेते आहे आणि नव्याने उपचार सुरू केलेल्यांशी बोलत असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याशी बोलताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी ही उत्तरं आहेत.

पहिल्याच औषधाने बरं वाटेल का?

वाटूही शकतं, पण तसं नाही झालं तर हाय खाऊ नका. अमेरिकेत नैराश्यावर ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात सगळ्यांना आधी सिटालोप्राम हे एकच औषध दिलं होतं. त्यावर साधारण एक तृतीयांश लोकांची लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली. उरलेल्यांसाठी पुढच्या पायऱ्या होत्या: औषध बदलणं, जोडीला दुसरं देणं किंवा बोलण्यातून होणारे उपचार. म्हणजे पहिलं औषध लागू न पडणं हा अपवाद नाही. त्यावरून ‘माझा आजारच बरा होण्यातला नाही’ असा निष्कर्ष कृपा करून काढू नका.

मग रक्त तपासून योग्य औषध आधीच का शोधत नाहीत?

कारण तशी तपासणी आज उपलब्ध नाही. सुरुवातीला थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ वगैरे तपासायला सांगतात, ते मन उदास होण्यामागे किंवा थकव्यामागे दुसरं काही शारीरिक कारण नाही ना, हे बघण्यासाठी. काही ठिकाणी जनुकीय चाचणी करतात. यकृतातली सीवायपी-२डी-६ आणि सीवायपी-२सी-१९ ही विकरं तुमच्या शरीरात औषध किती वेगाने मोडतात, याचा अंदाज त्यातून येतो. नेहमीच्या डोसालाच खूप त्रास झाला असेल, तर ही माहिती उपयोगी पडते. पण ‘तुम्हाला हेच औषध लागू पडेल’ असं ती चाचणी सांगू शकत नाही.

डॉक्टर निवड करतात ती तुमच्या माहितीवरून. पूर्वी कशाचा उपयोग झाला होता? आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काही लागू पडलं होतं का? झोप उडाली आहे की जास्त येते? जेवण जात नाही आणि झोपही नाही, अशा माणसाला मिर्टाझापीन सोयीचं ठरू शकतं, कारण त्याने झोप आणि भूक दोन्ही वाढतात. वजनाने आधीच हैराण असलेल्याला तेच नकोसं होईल. ज्याला फिट्स येतात त्याला बुप्रोपियॉन देणं टाळतात. एकाच आजाराच्या दोन माणसांच्या चिठ्ठ्या वेगळ्या का असतात, ते यातून लक्षात येईल. ओळखीच्या कोणाला बरं वाटलं म्हणून त्याची गोळी घेऊन बघू नये, तेही याचसाठी.

पहिल्या भेटीत काय काय सांगायचं?

‘झोप लागत नाही, मन लागत नाही’ एवढं सगळेच सांगतात. पण औषधाची निवड ज्यावर ठरते अशा काही गोष्टी मागे राहून जातात.

सगळ्यात महत्त्वाचं: आयुष्यात कधी याच्या अगदी उलट दिवस आले होते का? दोन-तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटायचं, विचार धावायचे, बोलणं थांबत नव्हतं, खर्चाला धरबंध नव्हता, चिडचीड व्हायची, असे सलग काही दिवस? माणूस नैराश्यात असताना ते दिवस त्याला ‘मी तेव्हा छान होतो’ असे आठवतात, म्हणून तो ते आजार म्हणून सांगतच नाही. आजार द्विध्रुवीय (बायपोलर), म्हणजे कधी नैराश्य तर कधी असे चढलेले दिवस आणणारा असेल आणि नुसतंच नैराश्याचं औषध दिलं, तर मन दुसऱ्या टोकाला जाऊन उन्मादाची अवस्था येऊ शकते. तिथे उपचाराची दिशाच वेगळी असते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा.

दुसरं, घेत असलेली प्रत्येक गोष्ट. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, गर्भनिरोधक गोळ्या, काढे, जडीबुटी, अंगदुखीसाठी अधूनमधून घेतलेली गोळीसुद्धा. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्याच्या बऱ्याच औषधांबरोबर घेतली, तर शरीरात सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दारू, तंबाखू, इतर नशा हेही सांगा. इथे लाज धरण्यात तुमचंच नुकसान आहे. धूम्रपानामुळे क्लोझापीन आणि ओलांझापीन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूम्रपान अचानक सोडलं तर त्याच डोसाने रक्तातलं प्रमाण चढतं. म्हणून सिगारेट सोडायचं ठरवलंत, तर ती चांगली बातमी आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मूल होऊ देण्याचा विचार असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही पहिल्याच भेटीत बोला. व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवण्यासाठी आणि फिट्ससाठी दिलं जाणारं औषध गरोदरपणात घेतलं तर साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग असतं, आणि पुढे बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका त्याहूनही जास्त. त्याला पर्याय आहेत, पण ते आधी ठरवावे लागतात. आणि गरोदर असल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्या गोळ्या एका दिवसात थांबवू नका. त्याच दिवशी फोन करा.

आत्महत्येचे विचार येत असतील तर ते स्पष्ट शब्दांत सांगा. डॉक्टर ते रोज ऐकतात, त्याने दचकत नाहीत. किती गोळ्या एका वेळी हाती द्यायच्या, पुढची भेट किती लवकर ठेवायची, हे त्यावर ठरतं.

जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या किंवा त्यांचे फोटो बरोबर न्या. ‘पांढरी छोटी गोळी होती’ यावरून काही कळत नाही.

दहा दिवस झाले, काहीच फरक नाही. गोळी चुकीची आहे का?

इतक्यात ठरवता येत नाही. फ्लुओक्झेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम या गटातल्या औषधांचा फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो आणि पुरता परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. दुर्दैवाने क्रम उलटा असतो: मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा आधी येतो, बरं वाटणं नंतर. अनेक जण नेमके याच मधल्या दिवसांत गोळी सोडतात. मग ‘ते औषध मला चाललं नाही’ अशी नोंद होते आणि कदाचित उपयोगी पडलं असतं असं औषध कायमचं यादीतून जातं. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं.

तरीही मुकाट्याने दोन महिने काढा, असं मी म्हणणार नाही. चार आठवडे योग्य डोस नियमित घेऊनही काडीचाही फरक नसेल, तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पहिल्या काही आठवड्यांत एका गोष्टीवर घरच्यांचंही लक्ष हवं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये, विशेषतः मुलांमध्ये, नैराश्याची औषधं सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली मुलांसाठी हा इशारा बंधनकारक केला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. हे औषध टाळण्याचं कारण नव्हे. भेटी लवकर ठेवण्याचं आणि उघड विचारत राहण्याचं कारण आहे.

इतका कमी डोस का दिला आहे?

शरीराला सवय व्हावी म्हणून. लॅमोट्रिजीन या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या बाबतीत तर हळू वाढवणं हा सुरक्षेचाच भाग आहे. साधारणपणे रोज २५ मिलिग्रॅमने सुरुवात करून ते दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवतात, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याहूनही सावकाश. घाईने वाढवलं तर त्वचेवर गंभीर, क्वचित जिवावर बेतणारी पुरळ येण्याचा धोका वाढतो. हे औषध चार-पाच दिवस सलग चुकलं असेल, तर जुन्या डोसावर परत उडी मारू नका, आधी विचारा.

कोणता त्रास सोसायचा आणि कोणता लगेच कळवायचा?

मळमळ, तोंडाला कोरड, हलकी डोकेदुखी, झोपेत थोडा फरक हे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. गोळी जेवणानंतर घेणं, सकाळऐवजी रात्री किंवा रात्रीऐवजी सकाळी घेणं, असे साधे बदल पुष्कळदा पुरतात. मात्र वेळ बदलण्याआधी विचारून घ्या.

अंगावर पुरळ, विशेषतः ताप किंवा तोंडात फोड यांच्यासह, खूप ताप आणि स्नायू कडक होणं, जीभ किंवा मान वाकडी ओढली जाणं, गोंधळल्यासारखं होणं, छातीत धडधड होऊन चक्कर येणं: यांपैकी काहीही झालं तर भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. वयस्कर माणसांत नैराश्याच्या औषधांनी रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. अचानक गोंधळ, ग्लानी, तोल जाणं दिसलं तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

एका त्रासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण तो बऱ्याचदा ओळखला जात नाही. मनोविकारावरची काही औषधं, उदाहरणार्थ हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल, सुरू झाल्यावर एक विलक्षण अस्वस्थता येऊ शकते. खुर्चीवर बसलं की पाय आपोआप हलायला लागतात, उठावंसं वाटतं. उठून चार फेऱ्या मारल्या की क्षणभर बरं, मग पुन्हा तेच. उभं राहिलं तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकणं चालूच. आतून कोणीतरी ढकलतंय असं वाटत राहतं. याला अकॅथिसिया म्हणतात. माणूस डॉक्टरांना सांगतो, ‘खूप घाबरल्यासारखं होतंय’, आणि ते आजाराचंच लक्षण समजून डोस वाढवला जाऊ शकतो. मग त्रास आणखी वाढतो. म्हणून शब्द नेमके वापरा: ‘गोळी सुरू झाल्यापासून एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावे लागतात.’ या एका वाक्याने उपचार बदलतो. डोस कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देऊन हे आटोक्यात येतं. हा त्रास असह्य होऊन माणसं टोकाचं पाऊल उचलू शकतात, त्यामुळे थांबू नका.

लैंगिक इच्छा कमी झाली आहे. हे कसं सांगू?

सरळ सांगा, आणि समोर बोलणं जमत नसेल तर कागदावर लिहून तो कागद पुढे करा. नैराश्याच्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, समाधान मिळायला फार वेळ लागणं किंवा न मिळणं हे खूप जणांना होतं आणि मळमळीसारखं ते आपोआप जाईलच असं नाही. डोस कमी करता येतो, तुलनेने हा त्रास कमी असलेलं औषध निवडता येतं. बहुतेक जण लाजेने गप्प राहतात आणि एक दिवस गोळ्या परस्पर बंद करतात. वजन वाढण्याचंही तसंच. सोसेल तेवढं सोसायचं आणि मग सोडून द्यायचं, यापेक्षा तक्रार लवकर मांडलेली बरी.

फॉलो-अपला दहाच मिनिटं मिळतात. त्यात काय बोलू?

इथे तुमचं काम सुरू होतं, आणि माझ्या मते योग्य औषध सापडण्यात याचा वाटा सर्वांत मोठा आहे. रक्तदाब यंत्रावर दिसतो. मनात काय चाललंय ते फक्त तुमच्या शब्दांतून डॉक्टरांपर्यंत पोचतं. ‘कसं वाटतंय?’ याला ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलंत, तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

रोज एक ओळ लिहा, जास्त नाही. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. झोप साडेचार तास, तीनला जाग. सकाळी मळमळ, अकरापर्यंत गेली. आंघोळ केली. दुपारी रडू आलं. गोळी रात्री नऊला.’ अशा तीन-चार आठवड्यांच्या ओळी डॉक्टर मिनिटभरात वाचतात आणि तुम्हालाही न दिसलेल्या गोष्टी त्यांना दिसतात: झोप सुधारली आहे पण सकाळचा जडपणा तसाच आहे, किंवा चिडचीड डोस वाढवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. मूड चांगला की वाईट यापेक्षा काय करता आलं, हे लिहिणं जास्त उपयोगी. फोन उचलला का, स्वयंपाक केला का, कामावर किती वेळ बसता आलं.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावलीही भरता येते. तिचे गुण शून्य ते सत्तावीस. दर भेटीआधी भरली तर आकडा उतरतोय की नाही ते कळतं. पाच गुणांची घट ही दखल घेण्याजोगी मानतात.

आणि गोळ्या चुकल्या असतील तर तेही लिहा. आठवड्यातून तीनदा गोळी चुकली हे डॉक्टरांना माहीत नसेल, तर ते औषध निकामी समजून उगाच डोस वाढवतील.

घरच्यांना बरोबर न्यावं का?

तुमची तयारी असेल तर एखाद्या भेटीला जरूर. सुधारणा अनेकदा आपल्याआधी त्यांना दिसते, आणि चढलेला मूडही. पण काही वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलायला हवा, असं आधीच सांगून ठेवा.

औषध बदलतात तेव्हा नेमकं काय करतात?

बहुतेक वेळा जुनं हळूहळू उतरवत नवं हळूहळू चढवतात. त्या काळात दोन्हींचा थोडाथोडा त्रास जाणवू शकतो, त्यावरून नव्या औषधाचा निकाल लावू नका. काही औषधांमध्ये मात्र मधे मोकळा काळ ठेवावाच लागतो. एमएओ-प्रतिबंधक या नैराश्यावरच्या जुन्या गटातलं औषध सुरू करायचं असेल, तर फ्लुओक्झेटीन बंद करून सुमारे पाच आठवडे थांबतात, कारण ते शरीरात फार काळ रेंगाळतं. वेळापत्रक कागदावर लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून कोणती गोळी किती. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत गोंधळतं.

सारख्या रक्ततपासण्या कशासाठी?

काही औषधांसाठी त्या टाळताच येत नाहीत. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर कमी असतं. रक्तात ते साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. रक्त शेवटच्या डोसानंतर बारा तासांनी द्यायचं, तरच आकड्याला अर्थ. थायरॉईड आणि मूत्रपिंडाचीही तपासणी ठरावीक काळाने होते. जुलाब, उलट्या, खूप घाम, पाणी कमी पिणं किंवा आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक, यांनी पातळी चढते. हात जोरात थरथरणं, बोलणं जड होणं, चालताना तोल जाणं अशी चिन्हं दिसली तर तातडीने रुग्णालय गाठा.

क्लोझापीनवर पांढऱ्या पेशी मोजतात, कारण क्वचित त्या धोकादायकरीत्या घटतात. ओलांझापीनसारख्या औषधांवर वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल बघतात. पहिली मापं औषध सुरू करतानाच घेतली आहेत ना, हे विचारा. नंतर तुलना कशाशी करणार?

या गोळ्यांची सवय लागते का?

सगळ्या गोळ्यांना एकच उत्तर नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांसारख्या घबराट कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांवर शरीर अवलंबून राहू लागतं, म्हणून त्या शक्यतो थोड्या आठवड्यांपुरत्या आणि ठरवून द्यायच्या असतात. त्या सुरू होतानाच ‘या कधी बंद करायच्या?’ असं विचारा. खूप दिवस घेतल्या असतील तर एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते.

नैराश्याच्या औषधांची तलफ येत नाही, डोस आपोआप वाढवावासा वाटत नाही. पण एकदम थांबवली तर चक्कर, चिडचीड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं असा त्रास होतो. पॅरोक्झेटीन आणि व्हेन्लाफॅक्झीनवर तो जास्त, फ्लुओक्झेटीनवर कमी.

आता छान वाटतंय. बंद करू का?

इतक्यात नको. नैराश्याच्या पहिल्या वेळी पूर्ण बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने तोच डोस चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. बंद करायचं ठरलं की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि शेवटचा छोटा डोस सोडताना सगळ्यात सावकाश. परीक्षा, बाळंतपण, नवी नोकरी अशा धामधुमीत हे करू नका.

तीन-चार औषधं झाली, कशानेच उपयोग नाही. आता?

आता आणखी एक नाव चिठ्ठीवर चढवण्याआधी थांबून मागे बघण्याची मागणी करा. प्रत्येक औषध पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेतलं गेलं होतं का? निदान बरोबर आहे का? थायरॉईड, झोपेत श्वास अडकणं, दारू, चालू असलेला छळ किंवा ताण, यांपैकी काही राहून गेलंय का? दोन औषधं योग्य प्रकारे देऊनही फरक नसेल, तर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. त्याच्यासाठी वेगळे मार्ग आहेत: लिथियमची जोड, औषधाबरोबर नियमित मानसोपचार, भूल देऊन केले जाणारे विद्युत उपचार. या शेवटच्या उपचाराबद्दल लोकांच्या मनात भीती आहे. काही काळाची स्मृती पुसट होऊ शकते हे खरं. पण तीव्र नैराश्यात, विशेषतः माणसाने खाणंपिणं सोडलेलं असताना, इतका परिणामकारक उपचार क्वचितच दुसरा असेल. स्किझोफ्रेनियात दोन औषधं निष्फळ ठरली तर क्लोझापीनचा विचार व्हायला हवा, आणि तो बऱ्याचदा उशिरा होतो. ‘माझ्यासाठी विचार केला आहे का?’ असं नक्की विचारा.

डॉक्टर ऐकून घेत नाहीत. बदलू का?

आधी एकदा स्पष्ट बोलून बघा: ‘मला या गोळीचा हा त्रास होतोय आणि असाच चालू राहिला तर मी ती घेऊ शकणार नाही.’ चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत, पर्याय सांगतात. तरीही तुमचा त्रास उडवून लावला जात असेल, औषध का दिलं हे सांगितलं जात नसेल, तर दुसरं मत घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही.

जाताना एका पानावर मांडून न्या: औषधाचं नाव, जास्तीत जास्त डोस, किती आठवडे घेतलं, काय फायदा झाला, का थांबवलं. रक्ततपासण्यांचे कागद सोबत ठेवा. आणि नव्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या हाताशी आहेत ना, ते जुनी चिठ्ठी संपण्याआधी बघा.